ईद, शादी आणि हज्जाम : सजवणाऱ्या हातांचा इतिहास

25 मे 2020ची रमजान ईद आठवते? ईदगाह ओस, मशिदींना कुलूप आणि नमाज घराच्या गच्चीवर. त्या ईदला आणखी एक गोष्ट पहिल्यांदाच घडली. राज्यातल्या बहुतेक सलूनचे शटर बंद होते. महाराष्ट्रात केशकर्तनालयांना परवानगी मिळाली ती 28 जूनला, म्हणजे ईद होऊन महिना उलटल्यावर. त्यामुळे चांदरातीला घरोघरी बापानं मुलाचे आणि बायकोनं नवऱ्याचे केस कापले. कुणाच्या कल्ल्यांची लांबी एकसारखी नव्हती, कुणाच्या डोक्यात मागे खड्डा पडला होता. फोटो काढताना सगळे टोपी ओढून घेत होते. गंमत म्हणून ते सोडून दिलं गेलं. पण एका माणसाशिवाय आपली ईद पुरी होत नाही, हे त्या दिवशी अनेकांना कळलं. तो माणूस म्हणजे हज्जाम.

मराठवाड्यातल्या ज्या गावात मी वाढलो, तिथे चांदरात म्हणजे हज्जाम चच्चाचं दुकान. लाकडी खुर्ची, दोन्ही बाजूंना आरसे, भिंतीवर काबा शरीफची तसबीर आणि बाहेरच्या बाकावर मोहल्ल्यातली निम्मी पोरं. “चच्चा, आज नंबर लगेगा क्या?” असं दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारायचं. “बैठ, फजर तक दुकान चालू है” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सकाळी सारा गाव नवे कपडे घालून ईदगाहकडे निघे, तेव्हा चच्चा दुकान झाडत असत. शेवटच्या सफमध्ये धावतपळत येऊन उभा राहणारा माणूस म्हणजे तेच.

ईद आणि लग्न, या दोन्ही प्रसंगी केसांची निगा आणि सजावट हा आपल्याकडे मोठा सोहळा असतो. त्याचा इतिहास फार जुना आणि देखणा आहे. पण तो लिहिताना तेल, फुलं आणि दागिने दिसतात, हात दिसत नाहीत. हा लेख त्या हातांविषयी आहे.

केसांचा आदर

इस्लामी परंपरेत केसांना मोठं स्थान आहे. ज्याला केस आहेत त्यानं त्यांचा मान राखावा, म्हणजे ते धुवावेत, विंचरावेत, तेल लावावं, अशी शिकवण हदीसमध्ये आढळते. ईदच्या दिवशी गुस्ल करणं, सुगंध लावणं, असतील त्यातले चांगले कपडे घालणं हे सगळं याच शिस्तीचा भाग.

मूल जन्मलं की सातव्या दिवशी अकीका होतो. बाळाचं जावळ काढतात आणि त्या केसांच्या वजनाइतकी चांदी गरिबांना सदका देतात. म्हणजे माणसाच्या आयुष्यातला पहिला समारंभच हज्जामच्या वस्तऱ्यानं सुरू होतो.

बकरी ईदचा नियम वेगळा. ज्याला कुरबानी करायची आहे, त्यानं जिलहजचा चांद दिसल्यापासून कुरबानी होईपर्यंत केस आणि नखं कापू नयेत, अशी हदीस उम्मुल मोमिनीन उम्मे सलमा यांच्याकडून आलेली आहे. म्हणून रमजान ईदला हज्जामकडे चांदरातीला गर्दी, तर बकरी ईदला चांद दिसण्याच्या आधी गर्दी आणि मग दहा दिवस दुकान थंड. गल्ल्यात पैसे कधी येणार, हे हज्जामला कॅलेंडर न पाहता कळतं.

हजमध्ये तर केस उतरवणं हा इबादतीचाच हिस्सा आहे. हिजरी 10 म्हणजे इसवी सन 632 मध्ये प्रेषितांनी आपला अखेरचा हज केला. मिना इथं कुरबानीनंतर त्यांनी हज्जामला बोलावलं, आधी डोक्याची उजवी बाजू पुढे केली आणि मग डावी. ते केस अबू तल्हा यांच्याकडे देऊन लोकांमध्ये वाटायला सांगितले. वस्तरा चालवणारे सहाबी मअमर बिन अब्दुल्लाह होते, असं सांगितलं जातं.

प्रेषितांचे म्हणून श्रद्धेनं जपलेले केस पुढे जगभर पोहोचले. आपल्या दख्खनमध्ये विजापूरला मुहंमद आदिलशहाच्या काळातला आसार महाल त्यासाठीच ओळखला जातो. श्रीनगरच्या हजरतबलमधला मुए-मुकद्दसही विजापूरमार्गेच काश्मीरला गेला, अशी परंपरा आहे. डिसेंबर 1963 मध्ये तो चोरीला गेला, तेव्हा सारं काश्मीर रस्त्यावर उतरलं होतं. एका केसाची एवढी किंमत असलेल्या समाजात केस उतरवणाऱ्याची किंमत काय राहिली? मअमर बिन अब्दुल्लाह हे नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

नवरीची वेणी

आता शादीकडे वळू. दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींचं पहिलं सविस्तर वर्णन ‘कानून-ए-इस्लाम’ या ग्रंथात सापडतं. जाफर शरीफ यांनी तो दख्खनीत लिहिला आणि हर्क्लोट्स नावाच्या डॉक्टरनं केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर 1832 मध्ये लंडनला छापलं गेलं. मांझा, हळद, सांचक, मेहंदी, शबगश्त, जलवा हे सगळे विधी त्यात येतात. यातले बरेचसे आजही औरंगाबाद, नांदेड, बीड, परभणीकडच्या लग्नांत थोड्याफार फरकानं दिसतात.

मांझ्याला बसलेली नवरी काही दिवस घराबाहेर पडत नसे. तिच्या अंगाला हळद आणि चिकसा लावत. चिकसा म्हणजे सुवासिक पदार्थ कुटून केलेलं उटणं. केसांसाठी शिकेकाई, रिठा, आवळा. धुतलेले केस वाळवायला ऊददानी असे. निखाऱ्यावर ऊद किंवा लोबान टाकायचा, वर विणलेली टोपली उपडी ठेवायची आणि तिच्यावर ओले केस पसरायचे. केस वाळतही आणि दोन-तीन दिवस दरवळतही. तेल चमेलीचं. हे तेल करण्याची जुनी रीत मोठी नाजूक होती. स्वच्छ तिळांचा एक थर, त्यावर ताज्या कळ्यांचा थर, असं रचून ठेवायचं. फुलं कोमेजली की बदलायची. तीळ वासानं भरून गेले की मग ते घाण्यात घालायचे.

वेणीत मुबाफ गुंफत. मू म्हणजे केस आणि बाफ म्हणजे विणणं. रेशमाची किंवा जरीची ही फीत वेणीसोबत विणली जाई. भांगात अफशां, म्हणजे सोनेरी चमकी. कपाळावर टीका आणि डोक्याच्या एका बाजूला झूमर. आजही फोटोत झूमर दिसला की नवरी मुस्लिम घरातली, हे न सांगता कळतं.

हे सगळं फक्त आपलंच होतं का? तसं नाही. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त हिंदुस्तानी स्त्रीच्या सोळा शृंगारांची यादी दिली आहे. तीत आधी स्नान, मग तेल आणि मग वेणी, असा क्रम लागतो. तोच क्रम मांझ्याच्या खोलीत दिसतो आणि तोच मराठी घरातल्या नवरीच्या न्हाणात. फुलांचा गजरा कुठल्या धर्माचा, हे कुणाला सांगता येईल?

मश्शाता : फणी ते सोयरीक

ही वेणी घालायची कुणी? त्यासाठी एक खास शब्द होता, मश्शाता. अरबीत मुश्त म्हणजे फणी आणि मश्शाता म्हणजे केस विंचरणारी, नवरीला सजवणारी बाई. तिला घरोघरी, थेट जनानखान्यापर्यंत मोकळा प्रवेश असे. कुठल्या घरात मुलगी वयात आली, तिचे केस किती लांब, स्वभाव कसा, घरची परिस्थिती काय, हे तिला ठाऊक असे. साहजिकच ती स्थळं सुचवू लागली. हळूहळू हैदराबाद आणि आसपासच्या दख्खनी बोलीत मश्शाता या शब्दाचा अर्थच सोयरीक जुळवणारी बाई असा झाला. आज तो शब्द वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यात फणी दडली असल्याची कल्पना असेल.

इस्लामी परंपरेत एका मश्शाताची कथा फार आदरानं सांगितली जाते. फिरऔनच्या मुलीचे केस विंचरताना तिच्या हातून फणी पडली आणि तिच्या तोंडून अल्लाहचं नाव निघालं. चौकशी झाली. माझा आणि तुझ्या बापाचा रब एकच, हे तिनं बेधडक सांगितलं. त्या गुन्ह्यासाठी तिला मुलांसकट तापलेल्या भांड्यात टाकलं गेलं. मेराजच्या प्रवासात प्रेषितांना जो सुगंध आला, तो याच बाईचा आणि तिच्या लेकरांचा होता, असं ही कथा सांगते. राजकन्येचं नाव कुणाला आठवत नाही. सुगंध फणी धरणारीचा राहिला.

हज्जाम, न्हावी, सलमानी

हज्जाम या शब्दाचा मूळ अर्थ केस कापणारा असा नाही. हिजामा म्हणजे तुंबडी लावून अशुद्ध रक्त काढणं. ते करणारा तो हज्जाम. जुन्या काळी तोच फोड कापायचा, दात काढायचा, सुंता करायचा. म्हणजे तो अर्धा वैद्यच होता. प्रेषितांना अबू तैबा नावाच्या हज्जामनं तुंबडी लावली, तेव्हा त्यांनी त्याला मजुरी म्हणून खजूर दिले आणि तो गुलाम असल्यानं त्याच्यावरचा मालकांचा कर कमी करायला सांगितलं, अशी नोंद बुखारीत आहे. या कमाईला हलकं म्हणणाऱ्या रिवायतीही आहेत. पण ती हराम असती तर प्रेषितांनी मजुरी दिलीच नसती, असं उत्तर इब्ने अब्बास यांनी देऊन ठेवलं आहे.

उत्तर हिंदुस्तानात आणि आता महाराष्ट्रातही हा समाज स्वतःला सलमानी म्हणवतो. हे नाव हजरत सलमान फारसी यांच्यावरून आलं. खंदकाच्या लढाईत (627) मदीनेभोवती खंदक खणण्याचा सल्ला देणारे हे इराणी सहाबी. पुढे मदाइनचे हाकिम झाले तरी खजुराच्या पात्यांच्या टोपल्या विणून पोट भरत. तुर्कस्तानातले न्हावीही त्यांनाच आपले पीर मानत. हिंदुस्तानी कारागिरांत ‘कसबनामा’ नावाच्या छोट्या पुस्तिका फिरत. आपलं कसब पैगंबरांपासून आणि वलींपासून कसं चालत आलं, हत्यार हातात घेताना कोणती दुआ म्हणावी, हे त्यात सवाल-जवाबाच्या रूपात असे. जगानं कमी लेखलेल्या माणसांनी आपली इज्जत अशी लिहून ठेवली होती.

मराठी मुलखात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. काही याद्यांत त्याच्यासोबत मुलाणाही येतो. वस्तरा चालवण्याचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपात मिळे. लग्नात नवरदेवाची हजामत करणं, त्याला न्हाऊ घालणं हे मानाचं काम, पण हा मान त्या दिवसापुरताच. गावात हिंदू न्हावी असो की मुसलमान हज्जाम, दोघांची पायरी एकच. आज इतर मागासवर्गीयांच्या यादीत न्हावी, नाभिक यांच्याच नोंदीत हजाम आणि सलमानी ही नावंही येतात. धर्म वेगळा असला तरी धंद्यानं दिलेलं स्थान सारखंच, हे सरकारी कागदानंही मान्य केलं.

या समाजाच्या स्वाभिमानाचा एक प्रसंग मुंबईत घडला. 1890 मध्ये सत्यशोधक आणि कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली. यापुढे विधवांचं केशवपन करायचं नाही, असं तिथे ठरलं. ज्या वस्तऱ्यानं नवरदेव सजवायचा, त्याच वस्तऱ्यानं एखाद्या बाईचं आयुष्य भकास करायला त्यांनी नकार दिला. समाजसुधारणेच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं मोठी असतात. इथे मात्र रोजी बुडण्याची पर्वा न करता हात आखडता घेतला, तो कारागिरांनी.

पाटण्याहून ब्रायटनला

आपल्याकडे हलकं मानलेलं हे काम दुसरीकडे राजवैभवाला पोहोचलं, त्याचीही गोष्ट आहे. 1759 मध्ये पाटण्यात जन्मलेले शेख दीन मुहंमद कंपनीच्या फौजेसोबत फिरले, मग आयर्लंडला गेले. 1794 मध्ये कॉर्कहून त्यांचं प्रवासवर्णन छापलं गेलं. इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारे ते पहिले हिंदी लेखक मानले जातात. 1810 मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदी पद्धतीचं भोजनगृह काढलं, ते चाललं नाही. मग ब्रायटनच्या समुद्रकिनारी त्यांनी बाष्पस्नान आणि मालिशचं हमामखाना सुरू केलं आणि नशीब पालटलं. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते ‘शाम्पूइंग सर्जन’ झाले. 1851 मध्ये त्यांचं निधन झालं.

शॅम्पू हा शब्द आपल्याच चांपणे-चंपीमधून तिकडे गेला. तेव्हा त्याचा अर्थ अंग दाबणं, मालिश करणं असा होता. केस धुणं हा अर्थ नंतरचा. गंमत अशी की दीन मुहंमद स्वतःचं नातं नवाबी घराण्याशी सांगत. चंपी हे इथे हज्जामाचं काम होतं. पण तिथे ते विकताना त्याला घराण्याची झूल चढवावी लागली.

हिंदी सिनेमानं या माणसाला थोडं प्रेम दिलं. ‘प्यासा’ (1957) मध्ये जॉनी वॉकरनं रंगवलेला चंपीवाला अब्दुल सत्तार आजही लोकांच्या लक्षात आहे. पण शब्दातला डंख काही गेला नाही. 2009 मध्ये शाहरुख खानच्या ‘बिल्लू बार्बर’ या सिनेमाच्या नावावर केशकर्तनकारांच्या संघटनांनी आक्षेप घेतला आणि ‘बार्बर’ हा शब्द गाळावा लागला. अनेकांना तो आक्षेप हास्यास्पद वाटला. ज्यांनी तो शब्द शिवीसारखा कधी ऐकलेला नाही, त्यांनाच तसं वाटू शकतं.

कुफूचा मसला

आता पुन्हा माझ्या गावाकडे येतो. हज्जाम चच्चाचा मुलगा शिकला, डी.एड. झाला, शिक्षक म्हणून लागला. नमाजी, निर्व्यसनी. मोहल्ल्यातल्याच एका घरी त्याचं स्थळ गेलं. त्या घरातल्या सगळ्या मुलांचं जावळ चच्चांनी काढलेलं. बुजुर्गांनी चहा पाजला आणि म्हणाले, “लड़का अच्छा है, मगर कुफू का मसला है.” पुढे त्या मुलीचं लग्न परगावी ठरलं. बारात आली. जानवशावर नवरदेवाची हजामत करायला बोलावलं गेलं ते चच्चांनाच. ते गेले, काम केलं आणि नेग घेऊन परत आले. त्या रात्री जेवायला थांबले नाहीत.

कुफू म्हणजे सोयरिकीतली बरोबरी. मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात (लेखक मरगिनानी, मृत्यू 1197) या बरोबरीत धंद्याचा विचार येतो. अगदी हलक्या धंद्यांची उदाहरणं म्हणून हज्जाम, विणकर आणि कातडी कमावणारा यांची नावं घेतली आहेत. आपले बुजुर्ग एवढंच सांगतात. पण त्याच ग्रंथात दुसरं मतही नोंदलेलं आहे. धंदा माणसाला कायमचा चिकटलेला नसतो, हलका सोडून चांगला धरता येतो, म्हणून तो मोजू नये. इमाम मालिक यांच्या मते तर बरोबरी पाहायची ती दीनदारीची. मग शिक्षक झालेल्या मुलाला हज्जाम ठरवलं कुणी? फिकहनं की जातीनं?

याचं उत्तर आपल्या इतिहासात आहे. 1901च्या बंगालच्या जनगणना अहवालात मुसलमानांचे अश्रफ, अजलाफ, अर्जल असे थर नोंदले गेले. त्यात हज्जाम अजलाफांत येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानवरच्या आपल्या पुस्तकात ती यादी उद्धृत केली आहे. महाराष्ट्रात जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली आणि 1994 मध्ये शासन निर्णय निघाला, तेव्हा ‘मुसलमानात जात नसते’ म्हणत सर्वांत आधी नाक मुरडलं ते आपल्यातल्याच काही जणांनी.

एकदा आपल्याच घरचं लग्न डोळ्यांसमोर आणा. चिकसा आणि अत्तर आणलं आतारानं. बांगड्या भरल्या मन्यारानं. ओढणी रंगवली रंगरेजानं. विडे दिले तांबोळ्यानं. गादीचा कापूस पिंजला पिंजाऱ्यानं. नवरदेव सजवला हज्जामनं. लग्नाच्या खर्चाची वही म्हणजे मुस्लिम ओबीसींची यादीच. ही सगळी माणसं आपलं लग्न देखणं करतात आणि मुलीचा विषय निघाला की त्याच वहीतली नावं नको असतात.

मदीनेत अबू हिंद नावाचे एक सहाबी होते. बनू बयाजा टोळीचे आश्रित, धंद्यानं हज्जाम. त्यांनी प्रेषितांना तुंबडी लावली होती. प्रेषितांनी त्या टोळीला सांगितलं की अबू हिंदला तुमच्यातली मुलगी द्या आणि त्याच्या घरची मुलगी करून घ्या. ही हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. निकाहच्या खुतब्यात मी अनेक हदीस ऐकल्या, ही एकदाही ऐकली नाही.

आज गावात एसी सलून आले, नवरीसाठी ब्रायडल पॅकेज आलं. चच्चांची लाकडी खुर्ची गेली. त्यांचा मुलगा परजिल्ह्यात शिकवतो आणि आपल्याच समाजातली, शिकलेली बायको करून सुखात आहे. चच्चा आता थकलेत, वस्तरा धरताना हात थरथरतो. मागच्या चांदरातीला गावी गेलो तेव्हा ते दाराशी बसले होते. सवयीनं माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, “पीछे से थोड़ा जास्ती काट दिया रे तेरे शहर के हज्जाम ने.” मी हसलो आणि म्हणालो, चच्चा, कल ईदगाह को साथ चलेंगे, पहली सफ में. ते काही बोलले नाहीत. सकाळी मी गेलो तेव्हा नवा कुर्ता घालून, दाढीला अत्तर लावून, माझ्याआधीच तयार बसले होते.